कॉलेजच्या नेटवर्कवर काय चालतं, काय नाही, आणि का

प्रवेशाच्या गडबडीत ज्या कागदांवर न वाचता सही ठोकली जाते, त्यांत एक संगणक वापराच्या नियमांचा असतो. कागद नसेल तर वाय-फायला पहिल्यांदा जोडताना एक खिडकी उघडते, खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण असतं आणि ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाचणारा विरळाच. वाचलं तरी हाती फारसं लागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी ती नुसती ‘करू नये’ची यादी असते. पासवर्ड देऊ नये, टॉरेंट वापरू नये, परवानगीशिवाय सॉफ्टवेअर टाकू नये, स्वतःचा राउटर जोडू नये. का, ते कोणी लिहीत नाही. कारण कळलं तर यादी पाठ करावी लागत नाही, आणि यादीत नसलेल्या गोष्टींचाही आपला आपल्याला अंदाज येतो.

यातल्या बऱ्याच नियमांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. कॉलेजच्या नेटवर्कवरून तुम्ही जे करता, ते बाहेरच्या जगाला कॉलेजने केलेलं दिसतं.

बाहेरून दिसतो तो एकच पत्ता

लॅपटॉप वाय-फायला जोडला की कॉलेजचा सर्व्हर त्याला एक आतला पत्ता देतो. समजा, १०.२०.४.११७. हा पत्ता कॉलेजच्या आतच चालतो. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा ती मागणी कॉलेजच्या वेशीवरच्या यंत्रापर्यंत जाते. ते यंत्र आतला पत्ता काढून त्या जागी कॉलेजचा सार्वजनिक पत्ता लावतं आणि मागणी बाहेर सोडतं. उत्तर आलं की उलटी अदलाबदल. अशा रीतीने हजारो विद्यार्थी, प्राध्यापक आणि कार्यालयातली माणसं मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांमागे बसलेली असतात. पलीकडच्या वेबसाइटला ‘अमुक कॉलेजमधून कोणीतरी आलं’ एवढंच कळतं.

मग बाहेरून तक्रार आली तर? तक्रारीत असतो तो सार्वजनिक पत्ता, तारीख, वेळ आणि बहुधा पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या पत्त्यावरची नेमकी जोडणी ओळखायचा आकडा. संगणक विभागातला माणूस वेशीवरच्या यंत्राची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडतो. तिथे प्रत्येक जोडणीची एक ओळ असते: तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आतला पत्ता, बाहेर वापरलेला पत्ता आणि पोर्ट, पलीकडचा पत्ता, किती डेटा गेला, किती आला. दुसऱ्या लॉगमध्ये असतं की त्या वेळी तो आतला पत्ता कोणाच्या लॉगिनवर होता. दोन ओळी जुळवल्या की एक नाव समोर येतं. नोंदी जपून ठेवल्या असतील तर हे फार वेळखाऊ काम नाही.

इथे एक गोम आहे. त्या ओळीत तुमचं नाव असतं, पण तुम्ही असालच असं नाही. मित्राचं खातं चालत नव्हतं म्हणून तुम्ही त्याला आपला आयडी-पासवर्ड दिला, त्याने त्यावरून काहीतरी उद्योग केला, तर लॉग तुमचंच नाव सांगणार. ‘तो मी नव्हेच’ हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते आणि त्यासाठी तुमच्या हातात काहीच पुरावा नसतो. पासवर्ड कोणाला देऊ नये हा नियम जवळपास प्रत्येक यादीत वरच्या बाजूला असतो, तो यामुळे. मैत्रीवर अविश्वास दाखवायचा त्यात हेतू नाही. नावामागे माणूस कोण हे ठरवण्याचा कॉलेजकडे तेवढाच एक धागा असतो.

टॉरेंटवरच्या तक्रारीही याच वाटेने येतात. टॉरेंटमध्ये फाइल एका जागेवरून येत नाही. ज्यांच्याकडे तिचे तुकडे आहेत त्या सगळ्यांकडून ती थोडी थोडी येते, आणि ती उतरत असतानाच तुमच्याकडे आलेले तुकडे तुमचा लॅपटॉप इतरांना वाटत असतो. म्हणजे ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्याच चुकतं. तुम्ही वाटपही करत होता. शिवाय त्या वेळी ती फाइल कोणाकोणाकडे आहे त्यांचे पत्ते त्या टोळक्यात सामील होणाऱ्या कोणालाही दिसतात. चित्रपटाच्या किंवा गाण्याच्या हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या तेच करतात: सामील होतात, पत्ते टिपून घेतात, पत्त्याच्या मालकाला नोटीस पाठवतात. मालक कॉलेज असतं. टॉरेंट ही मुळात बेकायदा गोष्ट नाही. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या अधिकृतपणे टॉरेंटवरून मिळतात. पण चांगलं-वाईट निवडत बसण्यापेक्षा सरसकट बंद करणं सोपं, म्हणून पुष्कळ कॉलेजं ते दारच लावून घेतात. प्रकल्पासाठी खरोखर लागत असेल तर विचारावं. विचारणाऱ्याला सहसा वाट काढून देतात.

ग्रंथालयाचं दार

पत्ता एकच असल्याचा सगळ्यात मोठा फायदा ग्रंथालयाला होतो आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच असतो. संशोधनपत्रिकांची वर्गणी महाग असते. कॉलेज ती भरतं आणि प्रकाशकाला आपल्या सार्वजनिक पत्त्यांची यादी देतं. त्या पत्त्यांवरून कोणीही आलं की लेख खुले होतात, वेगळं लॉगिन लागत नाही. करारात अट असते की लेख अभ्यासापुरते घ्यायचे, प्रोग्रॅम लावून घाऊक उपसायचे नाहीत.

ही अट मोडली की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातलं आहे. २०१० च्या शरद ऋतूत अॅरन स्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले लेख स्वयंचलित प्रोग्रॅमने उतरवायला सुरुवात केली. आकडा लाखांच्या घरात गेला. जेस्टोरच्या सर्व्हरवर ताण आला. त्यांनी आधी एक पत्ता बंद केला, मग पत्त्यांचा गट, आणि ऑक्टोबरमध्ये तर काही दिवस संपूर्ण एमआयटीचाच प्रवेश थांबवला. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना लेख मिळेनासे झाले. जानेवारी २०११ मध्ये स्वार्ट्झला अटक झाली. पुढे अमेरिकी सरकारने त्याच्यावर इतकी जड कलमं लावली की त्यावरून मोठा वाद झाला, आणि खटला उभा राहण्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, त्याने आत्महत्या केली.

त्या खटल्यात सरकारने अतिरेक केला, असं माझं मत आहे. करदात्यांच्या पैशातून झालेलं संशोधन कुलूपबंद का असावं, हा स्वार्ट्झचा प्रश्नही रास्त होता. पण नेटवर्कच्या बाजूने पाहिलं तर प्रकाशकाला समोर माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो, आणि तो बंद करायचा तर त्या पत्त्यामागचे सगळेच बाहेर राहतात. तुमच्या संशोधनाला खरंच हजारो लेखांवर संगणकीय प्रक्रिया करायची असेल तर ग्रंथपालांना भेटा. कित्येक प्रकाशक अशा कामासाठी वेगळी सोय देतात.

कोण काय बघू शकतं

विद्यार्थ्यांना खरा प्रश्न पडतो तो हा, आणि नियमांच्या कागदात यावर सगळ्यात गुळमुळीत लिहिलेलं असतं. ‘संस्था वापरावर देखरेख ठेवू शकते.’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा स्वतःचा लॅपटॉप किंवा फोन आणि कॉलेजचं वाय-फाय अशी जोडी असेल तर: आजकाल बहुतेक वेबसाइटशी होणारं बोलणं कूटबद्ध असतं, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असं बदललेलं असतं, पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असतं. अशा वेळी कॉलेजला साधारणपणे एवढं दिसतं की तुम्ही कोणत्या वेबसाइटवर गेलात, कधी, किती वेळ आणि किती डेटा गेला-आला. त्या वेबसाइटवर कोणतं पान उघडलं, काय शोधलं, कोणाला काय लिहिलं, ते दिसत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही.

कॉलेजच्या मालकीच्या संगणकावर मात्र हा हिशेब बदलतो. तिथे कोणतं सॉफ्टवेअर बसवायचं ते कॉलेज ठरवतं. पडदा बघणारं सॉफ्टवेअर असू शकतं. कॉलेजने त्या संगणकात स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘या सर्व्हरवर विश्वास ठेव’ असं सांगणारी फाइल, बसवलं असेल तर कूटबद्ध बोलणंही वेशीवर उघडून, तपासून, पुन्हा बंद करून पुढे पाठवता येतं. सगळीकडे असं करतात असं नाही, पण करता येतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि याच कारणाने, स्वतःच्या लॅपटॉपवर कोणी एखादं ‘प्रमाणपत्र बसवा’ म्हणालं तर ते कशासाठी, हे विचारल्याशिवाय बसवू नये. काही वेळा ते फक्त वाय-फायचा सर्व्हर खरा आहे याची खातरजमा करण्यासाठी असतं, काही वेळा तपासणीसाठी. दोन्हींत फार अंतर आहे.

ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ती इतिहास पुसते तो त्या ब्राउझरमधला. वेशीवरच्या लॉगला खासगी खिडकी आणि साधी खिडकी यांतला फरक कळतच नाही.

व्हीपीएनचं, म्हणजे तुमचं सगळं बोलणं कूटबद्ध करून आधी स्वतःच्या सर्व्हरकडे नेणाऱ्या सेवेचं, जरा वेगळं. व्हीपीएन चालू केलं की कॉलेजला एवढंच दिसतं की तुम्ही व्हीपीएनला जोडलेले आहात. आधी कॉलेजला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्या कंपनीला दिसतं. म्हणजे भरवसा कॉलेजवरून उचलून दुसऱ्या कोणावर तरी ठेवला, इतकंच. तो दुसरा फुकट सेवा देत असेल तर त्याचं पोट कशावर चालतं हा विचार करावा. कित्येक कॉलेजं खासगी व्हीपीएनला मनाई करतात, कारण नेटवर्कवर काय चाललंय याचा माग तिथेच तुटतो. कॉलेजचं स्वतःचं व्हीपीएन असतं ती उलट दिशेची वाट आहे. घरून ग्रंथालयाचे लेख वाचता यावेत म्हणून ते तुम्हाला बाहेरून आत आणतं.

कॉलेजने दिलेला ईमेल? तो डबा कॉलेजचा. प्रशासकाला तो तांत्रिकदृष्ट्या उघडता येतो. प्रश्न उरतो तो कोणाच्या लेखी परवानगीने, कोणत्या कारणासाठी आणि त्याची नोंद राहते का, हा. चांगल्या नियमावलीत हे स्पष्ट असतं. लॉग किती दिवस ठेवतात हेही लिहिलेलं असतं. ‘संस्था काहीही, केव्हाही तपासू शकते’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या कॉलेजने नियम अर्धाच लिहिला आहे, आणि उरलेला अर्धा मागण्याचा विद्यार्थ्यांना हक्क आहे. विद्यार्थी प्रतिनिधींनी बैठकीत विचारावा असा हा प्रश्न आहे. स्नेहसंमेलनाच्या तारखेइतकं महत्त्व त्याला द्यायला हरकत नाही.

एका क्लिकची गोष्ट

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये एका फिशिंग मेलमधली, म्हणजे फसवण्यासाठी पाठवलेल्या बनावट मेलमधली, लिंक उघडली गेली. लगेच काही झालं नाही. आत शिरलेले लोक दोन महिने शांतपणे नेटवर्कमध्ये फिरत राहिले. सुरक्षेचे अपडेट न टाकलेले सर्व्हर त्यांना सापडले, त्यांतून वरचे अधिकार मिळाले, आणि २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हरवरच्या फाइल कूटबद्ध करून टाकल्या. काही बॅकअपही त्यात गेले. विद्यापीठाने शेवटी ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी दिली. पुढे पोलिसांनी त्या पैशाचा काही भाग शोधून गोठवला. २०२२ मध्ये तो परत मिळायची वेळ आली तोवर बिटकॉइनचा भाव इतका चढला होता की त्या भागाचीच किंमत पाच लाख युरोच्या आसपास गेली. आर्थिक अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी तो पैसा वापरायचं विद्यापीठाने ठरवलं. खंडणीच्या गोष्टीचा शेवट इतका बरा होणं अपवादच.

सुरुवात एका मेलपासून झाली होती. असा मेल ओळखायचा तर मजकुरापेक्षा लिंककडे बघा. लिंकवर बोट किंवा बाण थांबवला की खरा पत्ता दिसतो. तो उजवीकडून वाचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या, तर पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी जे नाव येतं ते मालकाचं. ‘आमचंकॉलेज डॉट लॉगिन-तपासणी डॉट कॉम’ या पत्त्यात कॉलेजचं नाव सुरुवातीला आहे खरं, पण तो पत्ता ‘लॉगिन-तपासणी डॉट कॉम’ घेणाऱ्याचा आहे. पुढे चिकटवलेलं नाव कोणीही लावू शकतं. ‘२४ तासांत पासवर्ड भरा, नाहीतर खातं बंद’ अशी घाई दिसली तर आणखी सावध व्हा. आणि तुम्ही स्वतः लॉगिन करत नसताना फोनवर ‘हे तुम्हीच का?’ अशी विचारणा आली तर त्याचा अर्थ बहुधा पासवर्ड आधीच कोणाच्या तरी हाती गेलाय. ‘होय’ दाबू नका. पासवर्ड बदला आणि संगणक विभागाला कळवा. चुकून लिंक उघडली असेल तरीही लगेच कळवा. लाजेपोटी गप्प बसलेली माणसं हल्लेखोरांना फार आवडतात.

हॅक झालेल्या एका खात्याचा फटका सगळ्यांना बसतो, तो असा. त्या खात्यावरून हजारो स्पॅम मेल सुटतात. बाहेरच्या मेल सेवा प्रत्येक पाठवणाऱ्याची पत मोजत असतात. कॉलेजची पत घसरली की कॉलेजकडून जाणारे खरे मेलही लोकांच्या स्पॅममध्ये पडू लागतात. तुमचा नोकरीचा अर्जसुद्धा.

मेल सगळ्यांना

१९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क या विक्री विभागातल्या माणसाने डीईसी कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या, इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी सरकारी जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना एकाच मेलने पाठवली. पत्त्यांची यादी इतकी लांब होती की ती रकान्यात मावली नाही आणि उरलेले पत्ते मेलच्या मजकुरातच सांडले. अर्पानेट सांभाळणाऱ्यांनी कान उपटले: हे जाळं सरकारी कामासाठी आहे, धंद्यासाठी नाही. म्हणजे नेटवर्कच्या ‘योग्य वापरा’चं भांडण इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीचं आहे.

आज कॉलेजात हा प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. कोणीतरी सगळ्या वर्गाला मेल पाठवतो, दुसरा ‘मला या यादीतून काढा’ हे उत्तर सगळ्यांना पाठवतो, तिसरा ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ हेही सगळ्यांनाच पाठवतो. यावर उपाय साधा. ज्यांना एकमेकांचे पत्ते कळायची गरज नाही त्यांना ‘बीसीसी’ रकान्यात घाला. मग ‘सगळ्यांना उत्तर’ दाबलं तरी ते बीसीसीतल्या इतरांकडे जात नाही, आणि पन्नास जणांचे पत्ते पन्नास जणांना वाटले जात नाहीत. कोणाचे गुण, आजारपण, फीची थकबाकी असल्या याद्या तर मेलला जोडूच नयेत. कुठल्या एआय सेवेत चिकटवूही नयेत, कारण तो मजकूर मग कॉलेजच्या हाताबाहेर जातो.

‘मी फक्त बघत होतो’

हुशार विद्यार्थी अडकतात ते इथे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. सोडला तो एमआयटीतल्या संगणकावरून. त्याला काही पुसायचं नव्हतं, चोरायचं नव्हतं. पण एक हिशेब चुकला. ज्या संगणकावर प्रोग्रॅम आधीच आहे तिथेही सातातून एकदा तो नवी प्रत चढवत असे. प्रतींवर प्रती चढल्या आणि संगणक श्वास घेईनासे झाले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सहा हजारांच्या आसपास संगणक त्याच्या तडाख्यात सापडले, तेही इंटरनेटवर एकूण सुमारे साठ हजारच असताना. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची परिविक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला, हेही खरं.

‘नुकसान करायचा हेतू नव्हता’ हे कोर्टात पुरलं नाही आणि कॉलेजच्या चौकशीतही सहसा पुरत नाही. नेटवर्कचे पोर्ट तपासणं, दुसऱ्याच्या खात्यात शिरता येतं का पाहणं, हजेरीच्या प्रणालीत फट शोधणं, हे परवानगीशिवाय केलं तर बाहेरून ते हल्ल्यासारखंच दिसतं. शिकायचं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर आभासी संगणक, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, उभे करा, किंवा प्राध्यापकांकडून लेखी परवानगी घेऊन प्रयोगशाळेतल्या वेगळ्या जाळ्यावर करा. फट चुकून सापडलीच तर तिथेच थांबा, आत जाऊन ‘पुरावा’ गोळा करू नका, संगणक विभागाला कळवा. उलट बाजूनेही बोलायला हवं. अशी फट कळवणाऱ्याला शिक्षा करणारं कॉलेज पुढच्या वेळी ती फट न कळवण्याची सोय करतं.

स्वतःचा राउटर जोडू नये हा नियम निरुपद्रवी वाटणाऱ्या कामावरची बंदी वाटतो. पण घरगुती राउटरही जवळच्या संगणकांना पत्ते वाटत असतो. त्याची तार चुकीच्या खाचेतून भिंतीतल्या सॉकेटला गेली की तो कॉलेजच्या सर्व्हरशी स्पर्धा करत शेजारच्या खोल्यांनाही पत्ते देऊ लागतो, कुठेच न पोचवणारे. अख्ख्या मजल्याचं इंटरनेट बंद पडतं आणि कारण शोधायला दारोदार फिरावं लागतं.

कॉलेजच्या संगणकावर आभासी चलन खणणं, म्हणजे संगणकाला अखंड गणितं करायला लावून ते कमावणं, हाही नियमभंगच. हार्वर्डमध्ये २०१४ साली संशोधनासाठीच्या महासंगणकावर कोणीतरी डोजकॉइन खणत असल्याचं उघड झालं आणि त्या व्यक्तीचा संगणकप्रवेश बंद झाला. वीज कॉलेजची, यंत्र कॉलेजचं, नफा खासगी. शैक्षणिक परवान्यावर मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरची पैशांची कामं करणं याच जातीचं.

थोडंफार वैयक्तिक काम, घरच्यांना मेल, सामन्याचा स्कोअर याला बहुतेक कॉलेजांची हरकत नसते. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असताना चार जण मोठ्या चित्रफिती उतरवत बसले की मग असते.

कॉलेज सोडताना मात्र एक काम आठवणीने करा. कॉलेजचं खातं ठरावीक मुदतीनंतर बंद होतं, आणि त्यातले मेल, फाइल, जोडलेली साठवण सगळं त्याबरोबर जातं. निकालाच्या आधीच हवं ते उतरवून घ्या. मग ज्या ज्या सेवांमध्ये, नोकरीच्या संकेतस्थळांवर, बँकेत, शिष्यवृत्तीच्या अर्जात कॉलेजचा ईमेल दिला असेल, तिथे स्वतःचा द्या. विशेषतः जिथे पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंक त्याच पत्त्यावर येणार आहे, तिथे आधी.